मागे राहिलेले घर

मिशनकार्यास गेलेल्या पुत्राची थोरवी आम्ही गातो. परंतु मागे राहिलेल्या घराचे स्मरण क्वचितच करितो. फ्रान्समधील सें-लू गावचे वेनार कुटुंब पाहा. माता १८४३ साली निवर्तली. तरी पित्याने पुत्र थेओफान यांस परदेशी जाण्याची अनुमती दिली. १८५२ साली ते पूर्वेकडे निघाले. पुढे भेट ती केवळ पत्रांतून. १८५९ साली पित्याने देह ठेविला, तेव्हा पुत्र टोंकिनमध्ये, म्हणजे आजच्या उत्तर व्हिएतनामात होता. १८६१ च्या जानेवारीत पिंजऱ्यातून त्यांनी बहीण मेलानी व बंधूंस अखेरची पत्रे धाडिली. २ फेब्रुवारीस शिरच्छेद झाला. बंधू यूझेब यांनी ती पत्रे प्रसिद्ध केली. १९८८ साली थेओफान संत घोषित झाले. प्रभूच्या मळ्यास आपली लेकरे देणाऱ्या मातापित्यांसाठीही आम्ही प्रार्थना करू या.