पोट उघडावे की वाट पाहावी?

१८८१च्या उन्हाळ्यात बर्मिंगहॅमचे नामवंत शल्यचिकित्सक लॉसन टेट यांना हॉलराइट नावाच्या डॉक्टरांनी एका अत्यवस्थ बाईला तपासायला बोलावले. गर्भ गर्भाशयात न राहता बीजवाहक नळीत राहिला आहे, नळी फुटली आहे आणि पोटात रक्त साचते आहे, असे हॉलराइट यांचे निदान होते. पोट उघडून रक्तस्राव थांबवावा, असेही त्यांनी सुचवले. टेट तयार झाले नाहीत. बाई दगावली. शवविच्छेदनानंतर नळीचा तो भाग टेट यांच्यासमोर आला आणि त्यांना कळून चुकले, की रक्तवाहिन्या बांधून फुटलेली नळी काढून टाकणे मुळीच कठीण नव्हते.

टेट काही नवखे नव्हते. एडिंबरोत शिकलेला हा माणूस १८७१ पासून बर्मिंगहॅमच्या स्त्रियांच्या रुग्णालयात काम करत होता आणि अंडाशयाच्या गाठी काढण्यात त्याचा हात बसलेला होता. तरीही तो कचरला, कारण पोट उघडल्याशिवाय निदान पक्के होत नसे आणि निदान पक्के नसताना पोट उघडणे हा अविचार मानला जाई. मग उरे ते फक्त वाट पाहणे: रुग्णाला निजवून ठेवायचे, अफू द्यायची आणि रक्त आपसूक गोठेल अशी आशा करायची. या वाट पाहण्याचा हिशेब फिलाडेल्फियाच्या जॉन पॅरी यांनी १८७६ मध्ये मांडला होता. त्यांनी गोळा केलेल्या ५०० रुग्णांपैकी सुमारे दोन तृतीयांश स्त्रिया मृत्युमुखी पडल्या होत्या. पोट उघडून रक्तवाहिन्या बांधा, असे पॅरींनी स्पष्ट लिहिलेही होते. मात्र त्यांचे ऐकून सुरी हातात घ्यायला कोणी धजत नव्हते.

१७ जानेवारी १८८३ रोजी टेट यांनी ते धाडस केले. तीही बाई वाचली नाही. चिकटलेले भाग सोडवण्यात वेळ गेला आणि तेवढ्यात रक्त वाहून गेले. यातून त्यांनी शस्त्रक्रियेचा क्रमच बदलला: आधी नळीला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या बांधायच्या, बाकीचे सगळे नंतर. मार्चमधली पुढची रुग्ण बरी होऊन घरी गेली. १८८८ पर्यंत त्यांनी अशा ४२ स्त्रियांवर शस्त्रक्रिया केल्याचे नोंदवले, त्यांत मृत्यू फक्त दोन. गंमत म्हणजे जंतुनाशक फवाऱ्याच्या लिस्टरपद्धतीवर टेट यांचा विश्वास नव्हता. त्यांची भिस्त साबण, उकळलेले पाणी आणि स्वच्छ हात यांवर होती.

टेट यांची रुग्ण बरी झाली, त्याच्या पुढच्याच महिन्यात, एप्रिल १८८३ मध्ये, आनंदीबाई जोशी कोलकात्याहून जहाजाने निघाल्या आणि वैद्यकी शिकायला पॅरींच्याच फिलाडेल्फियात दाखल झाल्या. पुरुष डॉक्टरासमोर जायला भारतातल्या अनेक बायका तयार नसत, हे त्यांच्या निर्णयामागचे एक मोठे कारण होते. सुरी तयार असली तरी रुग्ण तिच्यापर्यंत पोचत नव्हती. १८८६ मध्ये आनंदीबाईंना पदवी मिळाली. त्याच वर्षी मुंबईत पेस्तनजी कामा यांच्या देणगीतून स्त्रिया आणि मुलांसाठी कामा रुग्णालय सुरू झाले आणि त्याची धुरा एडिथ पीची या इंग्रज स्त्री-डॉक्टरांकडे आली.

दुसरा अडसर रक्ताचा होता. नळी फुटली की लिटर-दोन लिटर रक्त पोटात साचते. वाहिनी बांधली तरी गेलेले रक्त आणायचे कुठून? १९१४ मध्ये लाइपझिगच्या योहानेस थीस यांनी पोटात साचलेले रक्तच गाळून रुग्णाच्या शिरेत परत सोडले. रक्तगटांचा शोध तोवर लागलेला होता, पण रक्तपेढ्या यायला अजून वीसेक वर्षे होती.

यानंतरची प्रगती नळी फुटण्याआधीच गर्भ हुडकण्याची आहे. ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी १९५८ मध्ये पोटाच्या सोनोग्राफीवरचा निबंध प्रसिद्ध केला. सत्तरच्या दशकात रक्तातले गर्भसंप्रेरक अचूक मोजता येऊ लागले आणि १९७३ मध्ये दुर्बिणीतून नळीतल्या गर्भावर उपचार झाल्याची नोंद झाली. १९८२ मध्ये जपानी डॉक्टरांनी कर्करोगावरच्या मेथोट्रेक्सेटने, नळीला सुरी न लावता, असा गर्भ विरघळवला.

आता पाळी चुकून ओटीपोटात दुखणारी बाई अपघात विभागात आली, की आधी लघवीची गर्भचाचणी होते आणि मग सोनोग्राफी. ती चक्कर येऊन पडली असेल, नाडी जलद आणि रक्तदाब घसरलेला असेल, तर सविस्तर तपासण्यांसाठी न थांबता तिला थेट शस्त्रक्रियागृहात नेतात. रक्तपेढी दूर असलेल्या आफ्रिकेतल्या अनेक जिल्हा रुग्णालयांत डॉक्टर पोटातले रक्त वाटीने उपसतात, जाळीच्या कापडातून गाळतात आणि त्याच बाईला परत चढवतात.