योग्या आणि तिची परीक्षा



शस्त्रवैद्याच्या हाताला पहिले वळण कोणाच्या देहावर लागावे, हा प्रश्न वैद्यकाचा तसाच नीतीचाही आहे. दीर्घकाळ त्याचे उत्तर ‘रुग्णाच्या’ असेच होते. आणि तो रुग्ण बहुधा धर्मार्थ रुग्णालयातील गरीब असे.

याला दुसरा मार्ग आपल्याकडे फार पूर्वीच सुचला होता. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नववा अध्याय ‘योग्यासूत्रीय’ होय. योग्या म्हणजे सराव. छेदनासाठी कोहळा, दुध्या, काकडी. वेधनासाठी मृत जनावरांच्या शिरा व कमळाचे देठ. शिवणासाठी जाड कापड व मऊ चामडे. पट्टी बांधण्यासाठी मनुष्याकृती बाहुली, अशी योजना तेथे आहे. सर्व शास्त्र शिकलेला शिष्यही योग्येवाचून कर्मास अपात्र, असे ग्रंथकाराने बजावले आहे.

परंतु कोहळा सफाईने कापणारा देहही तसाच कापील, हे कशावरून? हा प्रश्न मोजमापाने तपासला गेला तो अगदी अलीकडे. विसाव्या शतकाच्या अखेरीस दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया रूढ झाल्या आणि संगणकाच्या पडद्यावर सराव करविणारी यंत्रे आली. त्यांची एक कसोटी अशी, की निष्णाताला नवशिक्याहून अधिक गुण मिळतात काय? मिळाले, तरी यंत्र दोघांतील भेद ओळखते एवढेच सिद्ध होते. यंत्रामुळे हात सुधारतो, हे सिद्ध होत नाही.

अमेरिकेतील येल विद्यापीठाचा प्रयोग २००२ साली प्रसिद्ध झाला, तो याच्या पुढे गेला. १६ शिकाऊ शल्यचिकित्सकांचे यदृच्छेने दोन गट पाडले. एका गटाने, निष्णातांनी घालून दिलेली पातळी गाठेपर्यंत, यंत्रावर सराव केला. नंतर दोन्ही गटांनी प्रत्यक्ष रुग्णांवर पित्ताशय सोडविण्याचे काम केले. कोण कोणत्या गटातला हे ठाऊक नसलेल्या परीक्षकांनी त्यांच्या चित्रफिती तपासल्या. सराव केलेल्यांना वेळ २९ टक्के कमी लागला. सराव नसलेल्यांकडून पित्ताशयाला इजा होण्याची वा भलताच भाग भाजण्याची शक्यता पाचपट आढळली.

संख्या लहान, शस्त्रक्रिया एकच. तिच्यावरून सर्व यंत्रांना प्रमाणपत्र देता येणार नाही. प्रत्येक नव्या यंत्राला हीच कसोटी पुन्हा लावली पाहिजे. सरावाचे तास किती झाले हे गौण आहे. ठरलेली पातळी गाठली काय, आणि तिचा लाभ रुग्णाला झाला काय, हे मुख्य.

सुश्रुताचा अभिमान आपण अवश्य बाळगावा. मात्र ‘आम्हाला हे आधीच सुचले होते’ एवढ्यावर तो थांबू नये, असे मला वाटते. योग्या त्याने सांगितली; तिची परीक्षा घेणे हे आपले कर्तव्य आहे. टेबलावर निजलेल्या अनोळखी माणसाचे आपल्यावर तेवढे ऋण आहेच.