पिवळ्या पानांचा खटला आणि उपनगरातले दुकान

१/ आज अंधेरीतला शिंपी किंवा मुलुंडमध्ये पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या ताई गूगलच्या नकाशावर आपले नाव, पत्ता आणि वेळ काही मिनिटांत नोंदवतात. परंतु 'आमचा अमुक धंदा आहे, अमुक ठिकाणी या' एवढी जाहिरात एका पुस्तकात एकत्र छापण्यावरून याच मुंबईत खटला उभा राहिला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आजचा धागा त्या खटल्याचा आणि त्यानंतरच्या तीस वर्षांचा.

२/ तेव्हाच्या छोट्या दुकानदाराची प्रसिद्धी हाकेच्या अंतरापुरती असे. दुकानावरची रंगवलेली पाटी, वर्तमानपत्रात घालून वाटलेले हस्तपत्रक, चित्रपटगृहातली एखादी स्लाइड. बोरिवली पश्चिमेचा उत्तम सुतार रुळांपलीकडच्या पूर्वेला ठाऊक असेलच, याची खात्री नसे. मोठ्या वर्तमानपत्रातली जाहिरात त्याच्या खिशाला परवडणारी नव्हती.

३/ १९८६ साली मुंबई आणि दिल्लीच्या दूरध्वनी सेवेसाठी महानगर टेलिफोन निगम स्थापन झाले. ग्राहकांची सूची छापण्याचे काम निगमाचे. १९८७ पासून ते काम बाहेरच्या कंत्राटदारांकडे गेले आणि खर्च भरून काढण्यासाठी त्यांना सूचीत जाहिरातींची पिवळी पाने जोडण्याची मुभा मिळाली. धंद्यांची वर्गवारी करून मांडलेली ही पाने म्हणजे त्या काळचे 'सर्च इंजिन'च!

४/ त्याच सुमारास टाटा प्रेसने स्वतःची स्वतंत्र 'यलो पेजेस' काढली. व्यापारी, व्यावसायिक, कारागीर यांनी पैसे देऊन छापलेल्या जाहिरातींचा तो संग्रह होता. निगमाने न्यायालयात धाव घेतली. भारतीय तार नियम, १९५१ नुसार दूरध्वनी ग्राहकांची सूची छापण्याचा अधिकार केवळ आपला, असे निगमाचे म्हणणे होते.

५/ मुंबईच्या नगर दिवाणी न्यायालयाने निगमाचा दावा फेटाळला. उच्च न्यायालयात पारडे फिरले. आधी एकल न्यायाधीशांनी आणि मग खंडपीठाने निगमाच्या बाजूने कौल दिला. टाटा प्रेस सर्वोच्च न्यायालयात गेली. प्रश्न आता एका पुस्तकापुरता उरला नव्हता. व्यापारी जाहिरात हे अनुच्छेद १९(१)(क) खालील 'भाषण' आहे काय, असा तो प्रश्न होता.

६/ ३ ऑगस्ट १९९५ रोजी निकाल लागला: होय, आहे. न्यायालयाने दोन बाजू पाहिल्या. जाहिरात करणाऱ्याला बोलण्याचा हक्क आहे, तसाच ती वाचणाऱ्या सामान्य ग्राहकाला माहिती मिळवण्याचाही हक्क आहे. फसव्या जाहिरातीला मात्र हे संरक्षण नाही. ग्राहकसूचीचा अधिकार निगमाकडे राहिला. जाहिरातींचे पुस्तक काढण्याची वाट मोकळी झाली.

७/ आता तारखा पाहा. ३१ जुलै १९९५ ला देशातला पहिला मोबाइल संवाद झाला. ३ ऑगस्टला हा निकाल आला. १५ ऑगस्टला विदेश संचार निगमाने सामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. यांचा परस्परांशी संबंध नाही, हा निव्वळ योगायोग. तरीही आजच्या डिजिटल बाजारपेठेचे तीन खांब एका पंधरवड्यात उभे राहिले, असे मागे वळून पाहताना म्हणता येते.

८/ पुढच्याच वर्षी, १९९६ साली, व्ही. एस. एस. मणी यांनी मुंबईत 'जस्टडायल' सुरू केले. तिचे मुख्यालय पुढे मालाडला स्थिरावले. फोनवरून माहिती देण्याचा त्यांचा आधीचा प्रयत्न फसला होता, कारण तेव्हा घरोघरी फोनच नव्हते. या वेळी काळ अनुकूल होता.

९/ कार्यपद्धती साधी होती. कोणीही फोन करून 'घाटकोपरला फ्रिज दुरुस्त करणारे कोण?' असे विचारावे आणि पलीकडून नावे नि क्रमांक मिळावेत. विचारणाऱ्याला हे सारे फुकट. ठळकपणे सापडू इच्छिणाऱ्या धंदेवाल्याने पैसे मोजायचे. आजच्या सर्च जाहिरातींचा पाया हाच आहे.

१०/ २००७ मध्ये ही सेवा संकेतस्थळावर आली. २०१४ मध्ये गूगलने 'माय बिझनेस' आणले, २०१८ मध्ये व्हॉट्सॲप बिझनेस आले. पिवळे पान अखेर खिशातल्या पडद्यावर उतरले.

११/ साधने बदलली, तरी एक गोष्ट कायम राहिली: दुकानाकडे येणाऱ्या वाटेवरचे फाटक दर वेळी दुसऱ्याच्याच मालकीचे होते. आधी सूचीच्या प्रकाशकाचे, मग फोन उचलणाऱ्या कंपनीचे, आता अल्गोरिदमचे. फाटकवाला उद्या दर वाढवील किंवा नावांचा क्रम बदलील आणि दुकानदाराला विचारणारही नाही.

१२/ म्हणून या इतिहासातून छोट्या व्यावसायिकाने तीन व्यवहारी धडे घ्यावेत. नाव, पत्ता, वेळ सगळीकडे एकसारखे आणि अचूक ठेवावे. चुकीच्या क्रमांकाचे पिवळे पानही निरुपयोगीच होते. खोटे अभिप्राय विकत घेऊ नयेत. १९९५ चा निकालही फसवणुकीच्या पाठीशी उभा राहिला नाही. आणि ग्राहकांची यादी त्यांच्या संमतीने स्वतःच्या वहीत ठेवावी. फाटक परके असले तरी वही आपली असते.

१३/ इतिहासप्रेमींना एक विनंती. माळ्यावर जुनी पिवळी पाने सापडली, तर रद्दीत देऊ नका. कोणत्या रस्त्यावर कोणते धंदे होते आणि त्यांतले किती बुडाले, हे उपनगरांच्या ज्या थोड्या कागदांवरून कळते, त्यांपैकी तो एक आहे. आपल्या घरी अशी प्रत असेल, तर तिचे साल खाली अवश्य कळवा.