मीटरची साक्ष : शिरूर व दौंड तालुक्यांतील वीजमापन आणि ऑप्टिकल प्रोबची निवड

१

१९१० च्या भारतीय विद्युत् अधिनियमाच्या सव्विसाव्या कलमाने वीजमीटरला साक्षीदाराचे स्थान दिले. ग्राहकाने किती वीज वापरली हे मीटरवरून ठरवावे. मीटर बरोबर की चूक असा वाद उत्पन्न झाल्यास दोहोंपैकी कोणत्याही पक्षाच्या अर्जावरून विद्युत् निरीक्षकाने तो मिटवावा आणि वापराचा अंदाज जास्तीत जास्त सहा महिन्यांपुरता बांधावा. एरव्ही, लबाडी नसेल तर, मीटरवरील नोंद हाच निर्णायक पुरावा मानावा, अशी या कलमाची योजना होती. या योजनेमागील एक गृहीत मात्र कलमात कोठेही नमूद केलेले नाही. ते असे की, मीटरवरील आकडा वीज देणाऱ्याला दिसतो तसाच घेणाऱ्यालाही दिसतो.

हा अधिनियम २००३ च्या विद्युत् अधिनियमाने रद्द झाला. परंतु साक्षीदार काय सांगतो हे ऐकण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न मागे राहिला. मीटर वाचण्यासाठी कोणते हातउपकरण घ्यावे ही बाब सामान्यतः खरेदी-विभागाची समजली जाते. पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड या दोन तालुक्यांतील वीजमापनाचा विचार केला असता ती मूलतः पुराव्याची बाब आहे, असे दिसून येते.

२

शिरूर व दौंड हे तालुके भीमेच्या दोन अंगांस पसरलेले आहेत. शिरूर गाव घोड नदीच्या काठी आहे. दौंड हे रेल्वेचे जुने जंक्शन. या भागातील वीजवितरणाचे काम २० जून १९६० रोजी स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळाकडे होते. मंडळाचे विभाजन झाल्यावर, जून २००५ पासून, ते महावितरण कंपनीकडे आले. विजेचे तीन प्रकारचे ग्राहक येथे शेजारी-शेजारी नांदतात : गावठाणातील घरे व दुकाने, शिरूर तालुक्यातील रांजणगाव व सणसवाडी आणि दौंड तालुक्यातील कुरकुंभ येथील कारखाने, आणि नदीकाठच्या व कालव्यालगतच्या उसाला पाणी देणारे शेतीपंप. या तिघांच्या वापराचा पुरावा तीन निरनिराळ्या रीतींनी तयार होत आला, आणि या भेदातच प्रस्तुत विषयाचे मर्म आहे.

पहिली रीत डोळ्याची. गॅलिलिओ फेरारिस याने १८८५ मध्ये फिरत्या चुंबकीय क्षेत्राचे तत्त्व दाखविले आणि १८८९ मध्ये ओट्टो ब्लाथी याने त्या तत्त्वावर चालणारे व्यवहारोपयोगी मीटर तयार केले. ॲल्युमिनियमची फिरणारी चकती आणि तिच्याशी जोडलेली अंकांची चाके हे त्याचे दृश्य रूप. जवळजवळ शंभर वर्षे जगातील घराघरांत हेच मीटर होते. रीडिंग घेणारा माणूस येई, आकडा लिहून घेई आणि जाई. घर बंद आढळले की सरासरीचे बिल येई. अंक चुकीचा लिहिला जाई. तथापि आकडा संचयी असल्यामुळे एका महिन्याची चूक पुढच्या महिन्यात उघडकीस येई, आणि ज्याला अंक वाचता येतात असा घरातील कोणीही ती दाखवू शके. १९१० च्या कायद्याचे गृहीत या मीटरला तंतोतंत लागू पडत होते.

३

कारखान्यांच्या बाबतीत हे गृहीत पुरेसे ठरेना. महाराष्ट्र वीज नियामक आयोग १९९९ मध्ये अस्तित्वात आला, आणि त्यानंतरच्या दरव्यवस्थेत उच्चदाबाच्या औद्योगिक ग्राहकांना दिवसाच्या वेळेनुसार निराळा आकार लागू झाला. संध्याकाळी ६ ते १० या वेळेतील युनिटला अधिभार व रात्री १० ते सकाळी ६ या वेळेतील युनिटला सवलत, असे त्याचे स्वरूप बराच काळ होते. आता केवळ किती वीज वापरली एवढे कळून भागेना. केव्हा वापरली हेही कळणे अवश्य झाले. हे काम चकतीच्या मीटरला साधणारे नव्हते. त्यासाठी अंगी घड्याळ व स्मृती असलेले इलेक्ट्रॉनिक, म्हणजे स्टॅटिक, मीटर आले. २००६ मध्ये केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाने केलेल्या विनियमांनी नवी मीटरे याच प्रकारची असावीत असे ठरविले.

अशा मीटरची स्मृती मोठी असते. दर अर्ध्या तासाला एक याप्रमाणे दिवसाच्या ४८ नोंदी धरल्या, तर ३५ दिवसांच्या १,६८० नोंदी होतात. आणि या केवळ एका राशीच्या. बटण दाबून मीटरच्या पडद्यावर काही आकडे पाहता येतात. परंतु ही सर्व नोंदवही पडद्यावरून उतरवून घेणे कोणाही माणसाला शक्य नाही. येथे ऑप्टिकल प्रोबचे प्रयोजन उत्पन्न होते. वाटोळ्या डोक्याचे हे लहानसे साधन चुंबकाच्या योगे मीटरच्या दर्शनी भागावर चिकटते. त्यात अवरक्त प्रकाश सोडणारा एक व तो ग्रहण करणारा एक असे दोन घटक असतात. त्यांच्या समोर मीटरमध्येही तशीच जोडी असते. दोहोंमध्ये तार नसल्यामुळे वीजदाबाचा धोका हाताला पोहोचत नाही आणि मीटरचे सीलही तोडावे लागत नाही.

४

प्रोबच्या निवडीचा इतिहास हा प्रकाशाचा इतिहास नसून भाषेचा आहे. प्रकाशाविषयीचा करार लवकर झाला. इंग्लंडमधील फेरँटी आणि लँडिस अँड गिर या कंपन्यांच्या आद्याक्षरांवरून ‘फ्लॅग’ या नावाने ओळखली जाणारी पद्धत आंतरराष्ट्रीय विद्युत्-तंत्र आयोगाच्या ११०७ क्रमांकाच्या मानकात स्थिरावली; पुढे २००२ मध्ये तिला ६२०५६-२१ हा क्रमांक मिळाला. या पद्धतीत संभाषण मुद्दाम मंद गतीने, सेकंदाला ३०० बिट या वेगाने, सुरू होते. प्रोबने हाक दिली की मीटर प्रथम आपल्या निर्मात्याची तीन अक्षरी खूण सांगते, आणि मग पुढील वेग ठरतो. वेगाचे महत्त्व साध्या गणिताने ध्यानात येईल. एका अक्षरास १० बिट धरले, तर तीस हजार अक्षरांची नोंदवही ३०० च्या वेगाने उतरविण्यास सुमारे १७ मिनिटे लागतात. ९,६०० च्या वेगाने अर्धे मिनिट पुरते. कारखान्याच्या मीटर-खोलीत उभे राहणाऱ्या कर्मचाऱ्याच्या दृष्टीने हा फरक क्षुल्लक नव्हे. प्रोबच्या डोक्याची नीट बैठक, भर उन्हात टिकणारा संपर्क, धुळीने न बिघडणारी काच आणि दिवसभर पुरणारी बॅटरी याही गोष्टी त्याच्या दृष्टीने तितक्याच महत्त्वाच्या.

परंतु निर्मात्याची खूण सांगून झाल्यावर मीटर ज्या भाषेत बोले ती भाषा निर्मात्याची स्वतःची असे. १९९० नंतरच्या दशकात भारतीय वीजमंडळांनी सीएमआरआय हे हातउपकरण स्वीकारले. कार्यालयीन बोलीत त्याचे ‘एमआरआय’ झाले. नावातील ‘कॉमन’ या शब्दाचा अर्थ एकच यंत्र अनेक कंपन्यांच्या मीटरांना चालते, इतकाच होता. यंत्र समाईक असले तरी प्रत्येक कंपनीचा वाचन-कार्यक्रम त्यात वेगळा भरावा लागे, आणि उतरवलेली नोंद उलगडण्यासाठी कार्यालयातील संगणकावर त्याच कंपनीची प्रणाली असावी लागे. म्हणजे साक्षीदार दुभाष्याशिवाय बोलत नव्हता, आणि दुभाष्या साक्षीदाराच्या निर्मात्याने पुरविलेला होता. ज्या कार्यालयाकडे पाच कंपन्यांची मीटरे असतील त्याला पाच दुभाष्यांवर विसंबावे लागे. ग्राहकाकडे तर एकही नसे. रांजणगाव किंवा कुरकुंभच्या कारखान्याला संध्याकाळच्या वापरावरील अधिभाराविषयी शंका आली, तर तिचे उत्तर मीटरच्या पोटात होते; पण ते वाचण्याची किल्ली त्याच्या हाती नव्हती.

हा दोष दूर करण्याचे प्रयत्न दोन टप्प्यांत झाले. प्रथम निरनिराळ्या कंपन्यांच्या नोंदी एका समान साच्यात आणणारी ‘मिऑस’ ही योजना उत्पादकांच्या संघाच्या पुढाकाराने आली. ती भाषांतराची व्यवस्था होती. त्यानंतर २०११ मध्ये भारतीय मानक १५९५९ प्रसिद्ध झाले, आणि मीटरने मूळातच कोणत्या भाषेत बोलावे हे ठरले. या मानकातील एक तरतूद इतिहासाच्या अभ्यासकाने विशेष लक्षात घ्यावी अशी आहे. मीटरशी बोलणाऱ्यांच्या तीन पायऱ्या त्यात कल्पिल्या आहेत : केवळ ओळख विचारणारा सर्वसामान्य, नोंदी वाचणारा मीटर-वाचक, आणि घड्याळासारख्या गोष्टी बदलू शकणारा वितरक. वाचण्याचा अधिकार व लिहिण्याचा अधिकार यांची ही फारकत आवश्यकच होती. कारण ज्या प्रोबने नोंद वाचता येते त्याच प्रोबने घड्याळही लावता येते, आणि वेळेवर आधारलेल्या बिलात घड्याळ सरकणे म्हणजे पैसा सरकणे होय.

५

तिसरी रीत शेतीपंपांची. १९७० नंतरच्या दशकात महाराष्ट्रात शेतीच्या विजेचा आकार पंपाच्या अश्वशक्तीवर घेण्याची पद्धत रूढ झाली. मीटरची देखभाल व वाचन यांचा खर्च वाचला. पण त्याबरोबर साक्षीदारच नाहीसा झाला. २००३ च्या अधिनियमाच्या पंचावन्नाव्या कलमाने दोन वर्षांच्या आत सर्वांना मीटरनेच वीज द्यावी असे सांगितले, तरी राज्यातील असंख्य पंप बिनमीटरचेच राहिले. अशा पंपांचा वापर अंदाजाने ठरतो, आणि त्या अंदाजावर अनुदानाची रक्कम अवलंबून असते. इतकेच नव्हे, तर शेतीचा वापर जितका अधिक दाखविला जाईल तितकी वीजगळती कमी दिसते.

येथे प्रोबने अनपेक्षित कामगिरी केली. गावठाणाचे व शेतीचे फीडर वेगळे झाल्यावर उपकेंद्रातील फीडर-मीटरची नोंदवही ही सबंध शिवाराची अप्रत्यक्ष साक्ष बनली. शेतीवापराचा अभ्यास करण्यासाठी आयोगाने कार्यगट नेमला, आणि मार्च २०२० च्या दरआदेशात फीडरच्या नोंदींचा आधार घेऊन शेतीविक्रीचे पूर्वीचे आकडे खाली आणण्यात आले. जुलै २०२४ मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज देण्याची योजना शासनाने जाहीर केली. शेतकऱ्याला बिल भरावे लागत नसले तरी ते शासनाला भरावे लागते. सबब मोजमापाची गरज कमी न होता वाढली आहे.

६

आता दूरस्थ वाचनाचे स्मार्ट मीटर आले आहे, आणि १ जुलै २०२५ पासून असे मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांनाही दिवसाच्या वापरावर सवलत लागू झाली. याचा अर्थ असा की, एकेकाळी केवळ कारखान्यापुरती असलेली अदृश्य नोंदवही गावठाणातील घरापर्यंत पोहोचली. स्मार्ट मीटरवरही ऑप्टिकल प्रोबची जागा राखलेली आहे. संपर्क तुटला किंवा वाद उत्पन्न झाला, तर मीटरपाशी जाऊन, दोन्ही पक्षांसमक्ष, नोंद वाचण्याचा तोच मार्ग उरतो.

यावरून निवडीची कसोटी निश्चित करता येते. वेग, बॅटरी व टिकाऊपणा हे गुण आवश्यक होत, पण ते दुय्यम. प्रोब व त्यासोबतचे उपकरण खुल्या मानकाच्या भाषेत बोलते काय. वाचणाऱ्याच्या हाती लिहिण्याचा अधिकार नकळत देत नाही ना. मूळ नोंद मीटरच्या क्रमांकासह व वेळेसह अविकृत ठेवून तिची प्रत ग्राहकालाही देता येते काय, हे प्रश्न आधी विचारले पाहिजेत. १९१० च्या कायद्याने गृहीत धरलेली समान दृष्टी चकतीच्या मीटरने आपोआप दिली होती. इलेक्ट्रॉनिक मीटरच्या बाबतीत ती उपकरणाच्या निवडीतून जाणीवपूर्वक निर्माण करावी लागते. आणि बिनमीटरच्या पंपापुढे मात्र उत्तमातील उत्तम प्रोबही निरुपयोगी ठरतो; कारण जेथे साक्षीदारच उभा केलेला नाही, तेथे साक्ष घेण्याच्या साधनाची चर्चा व्यर्थ होय.