बाजारातले वीजघर

नगरपालिकेने वीज स्वतः तयार करावी की विकत घ्यावी, हा वाद पुष्कळांना नवा वाटतो. तो शंभर वर्षांहून जुना आहे आणि त्याची एक मोठी हकीकत मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटात घडली. आर्वी कापसाचे गाव. जिनाच्या इंजिनाची कुरकुर इथे सर्वांच्या ओळखीची. म्हणून तीच हकीकत आज सांगतो.

१८६५ पासून मुंबईत रस्त्यांवर ग्यासचे दिवे आले. १८८२ साली मार्केटात प्रथम वीज लागली; पण पुरविणाऱ्या कंपनीचे लवकरच दिवाळे निघाले आणि ग्यास परत आला. तेव्हा जून १८९४ मध्ये म्युनिसिपालिटीने स्वतःचे यंत्र बसविण्यास पैसे मंजूर केले. मार्केट आणि म्युनिसिपल कचेऱ्या, एवढ्यांपुरतेच ते वीजघर होते. यात कंजूषपणा नव्हता. कमी दाबाची वीज लांब नेली तर तारेतच वाया जाई, म्हणून दिव्यांजवळच डायनॅमो ठेवावा लागे. पण त्यामुळेच लहान गावालाही आपले वीजघर काढता येण्यासारखे होते.

यंत्र मात्र झिजत गेले. १९०६ साली ते बंद पडण्याच्या बेतास आले आणि मार्केट पुन्हा ग्यासवर गेले! नवे यंत्र घेण्याचा आकडा हिशेबात एकदाच येतो. ते राखणाऱ्या माणसाचा पगार दरमहा येतो, आणि दरमहा येणारा आकडाच कारभाऱ्यांच्या डोळ्यांत खुपतो, असा माझा अनुभव आहे.

तोवर १९०५ साली ट्राम आणि वीज यांचा मक्ता एका कंपनीकडे गेला होता. १९१५ मध्ये टाटांनी सह्याद्रीवरचे पाणी खोपोलीला उतरवून तयार केलेली वीज उंच दाबाने परळपर्यंत आणली. आता अंतराची अडचण उरली नाही. पुढे ट्रामवाली कंपनीही टाटांचीच वीज घेऊ लागली. ७ ऑगस्ट १९४७ रोजी म्युनिसिपालिटीने कंपनी ताब्यात घेतली, तेव्हा तारा, मीटर, ट्रामगाड्या, बसगाड्या हाती आल्या. वीज मात्र टाटांकडूनच घ्यावी लागली.

आपल्याकडे १९६० साली राज्य वीज मंडळ झाले, २००५ साली त्याच्या निराळ्या कंपन्या झाल्या. आज तार तुटली तर महावितरणकडे जावे लागते. विजेचा दर नगरपालिकेच्या सभेत ठरत नाही. १८९४ साली मुंबईच्या सभेत निदान यंत्राचा खर्च विचारता येत होता. अर्थात विचारणारे निवडण्याचा हक्क मुख्यतः करदात्यांचा होता, चाळीत राहणाऱ्या गिरणीकामगाराचा नव्हता.