वाटणी आणि नाव

टाकवे बुद्रुकच्या भातखाचरांतून चालताना मला फ्रान्समधील बर्गंडी प्रांत आठवतो. तेथील क्लो द वूजो हा सुमारे ५० हेक्टरांचा द्राक्षमळा मूळचा एका ख्रिस्ती मठाचा. राज्यक्रांतीत तो जप्त होऊन विकला गेला. १८०४ साली नेपोलियनच्या कायद्याने सर्व मुलांना सारखा वाटा दिला. पुढे विक्री आणि वाटण्या होत होत आज मालक झाले ८० च्या आसपास. पण प्रत्येकाच्या बाटलीवर नाव त्या मळ्याचेच!

आपल्या मावळातही भाऊ वेगळे झाले की खाचरात नवा बांध पडतो. मात्र आपला इंद्रायणी तांदूळ बाजारात जातो, तो खाचराचे नाव मागे ठेवून. वाटली की जमीन लहान होते. नाव होत नाही. तेही नातवाच्या हाती दिले, तर खाचर विकताना त्याचा हात खचित अडखळेल.