सुईच्या कामाला भाव कसा आला : थायलंडची गोष्ट

गटाच्या बैठकीत भरतकामाचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो, "ताई, हाताच्या कामाला भाव कोण देतं?" हाच प्रश्न थायलंडमध्ये कसा सुटला, ते आज ऐकूया.

थायलंडचं जुनं नाव सयाम. त्याची राजधानी होती अयुथ्या; नाव आपल्या अयोध्येवरून आलेलं. तिथल्या दरबारासाठी आपल्या कोरोमंडल किनाऱ्यावरचे कारागीर खास सयामी नक्षीचं कापड रंगवून पाठवायचे. रामायणही तिथलंच झालं, त्याला म्हणतात रामकियेन. त्यावरचं मुखवट्यांचं नृत्यनाट्य म्हणजे खोन.

खोनचे पोशाख म्हणजे भरतकामाची कमाल. कापड चौकटीवर ताणायचं, नक्षी उमटवायची, ती उठून दिसावी म्हणून खाली भर घालायची. मग धातूच्या तारेच्या बारीक वेटोळ्यांचे तुकडे मण्यांसारखे ओवून एकेक टाचायचे. मध्ये टिकल्या. आपल्या जरदोसीची बहीणच म्हणा ना! पोशाख अंगावर इतका घट्ट बसायला लागतो, की नटाच्या अंगावरच तो शिवून घेतात.

आता येऊ १९६० सालात. राणी सिरिकित राजांसोबत अमेरिका आणि युरोपच्या लांबच्या दौऱ्यावर निघाल्या. थाई बाईचा राष्ट्रीय पोशाख कोणता, हे तेव्हा ठरलेलं नव्हतं. जुन्या राजघराण्यातल्या स्त्रियांचे फोटो पाहून, अभ्यास करून पोशाख तयार झाले आणि त्याचे आठ प्रकार ठरले. परदेशी पद्धतीचे कपडे पॅरिसच्या पिएर बालमँ यांनी बेतले. त्यांवरचं भरतकाम फ्रान्स्वा लसाज यांच्या कारखान्यात झालं. थाई रेशमाचे फोटो जगभर छापून आले. बालमँ यांचं नाव गाजलं, लसाज यांचंही. पण रात्रंदिवस सुई धरणाऱ्या हातांची नावं कुणाच्या तोंडी आली?

दहा वर्षांनी, १९७० मध्ये, ईशान्य भागातल्या नाखोन फनोमला पूर आला. पूरग्रस्तांना भेटायला गेलेल्या राणीचं लक्ष गावच्या बायकांच्या लुंगीसारख्या वस्त्रांकडे गेलं. ते होतं मुदमी रेशीम. यात सूत आधी गाठी बांधून रंगवतात आणि मग विणतात, आपल्याकडच्या पटोळ्याच्या जातीचं. बायका ते घरच्यापुरतं विणत. राणीनं ते मागवलं, त्याचे पैसे दिले आणि स्वतः वापरलं. शेतीत पीक हातचं गेलं तरी घरात चार पैसे यावेत, हा हेतू. यातूनच २१ जुलै १९७६ रोजी 'सपोर्ट' ही संस्था उभी राहिली.

संस्थेनं गरीब शेतकऱ्यांची मुलं-मुली निवडली. त्यांना शिकवलं आणि शिकतानाही भत्ता दिला. हे महत्त्वाचं आहे हं! रोजंदारी बुडवून शिकायला कोण येईल? केसासारख्या बारीक रेशमी धाग्यांनी, रंगात रंग मिसळत चित्रासारखं भरतकाम करायला ही मुलं शिकली. पुढे खोनचे जुने पोशाख जीर्ण झाले, तेव्हा जुने नमुने अभ्यासून नवे घडवण्याचं कामही संस्थेनं हाती घेतलं. २०१८ मध्ये खोनला युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली.

आपल्याकडे कुणी राणी येणार नाही, मैत्रिणींनो. पण तिनं केलं ते गटाला जमण्यासारखं आहे: आपलं काम आधी आपण अंगावर मिरवायचं, शिकणारीला मोबदला द्यायचा, आणि जुना नमुना जपायचा. राहिली एक गोष्ट, ती तिथल्या इतिहासातही मागे पडली. ती म्हणजे करणारीचं नाव. पुढच्या बैठकीला प्रत्येक नगासाठी वहीत तीन रकाने आखा: दोरा किती, तास किती, आणि भरतकाम कुणाचं. व्यापारी दर पाडून मागायला लागला, की ती वही त्याच्यापुढे उघडा.